बियाचं वांगं

सन बासष्ट. मी जिल्ह्याच्या कोर्टात कारकून होतो. म्हणजे लोकांचं बोलणं शाईत वाळत घालायचं काम.

साखरखेर्ड्याची सोजरा, वय तीस, जन्मापासून मंद. आई गेल्यावर ती आत्या कौशल्याबाईबरोबर वांग्यांचा मळा बघायची. भाऊ हिंमतराव लहानपणीच मामाच्या कापडदुकानात गेलेला. त्याचा अर्ज असा: बहिणीला स्वतःचं भलं कळत नाही, मला पालक नेमा, मी तिला माझ्याकडे धामणगाव बढ्याला नेतो. सोजरा म्हणत होती, नको. ते 'नको' समजून म्हटलेलं आहे की नाही, एवढंच कोर्टाला ठरवायचं होतं.

जज्जसाहेबांनी तिला तपासायला पुण्याचे डॉक्टर बोलावले.

"शंभरातून सात गेले तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठी गेले?" सोजरानं काळजीनं विचारलं.

मी लिहिलं : निरुत्तर.

"आजची तारीख?"

"तुमच्या मांगं टांगली हाय की."

डॉक्टरांनी वळून पाहिलं. कॅलेंडर मागच्या महिन्याचं होतं. पान उलटायचं काम माझं होतं. हे मी लिहिलं नाही.

मग हिंमतराव उठला. "साहेब, चांगली वांगी झाडावरच पिवळी पडू देते! वरून लुगड्याच्या चिंध्या बांधते. मी सोता पाह्यलं."

डॉक्टरांनी गंभीरपणे मान हलवली. दारातला शिपाई रंगराव मात्र खोकल्यासारखा हसला.

"काय झालं रे?" साहेब म्हणाले.

"साहेब, ते बियाचं वांगं. चिंधी नाही बांधली तं कोणीबी तोडून भाजी करीन."

साहेब सोजराकडे वळले. "बाई, भावाकडे का नाही जायचं?"

"दादा चांगला हाय. जिलेबी देते. पर मले नुसतं बसून ठेवते. मळ्यात आत्या मले इचारते, बियाले कोणतं ठेवावं."

"आणि तुम्ही चुकलात तर?"

"आत्याले इचारतो. दादा चुकला तं कोणाले इचारते?"

साहेबांनी हिंमतरावाकडे पाहिलं. मी अदबीनं विचारलं, "साहेब, यांच्या नावापुढे निरुत्तर लिहू?"

अर्ज नामंजूर झाला.

पुढच्या वर्षी हिंमतराव कोर्टात आला, हातात चिंधीची पुरचुंडी. "बहिणीनं बी धाडलं, बाबूसाहेब. सुट्टी असली की मळ्यात जातो आता. चिंध्या मीच बांधतो. कोणत्या झाडाले, ते सोजरा सांगते."

त्या बियाची वांगी आजही माझ्या अंगणात आहेत, पेन्शनीपेक्षा नियमित. दरवर्षी एकाला चिंधी बांधतो आणि मनातल्या मनात सोजराबाईला हात जोडतो. 'निरुत्तर' लिहिण्याआधी प्रश्न पुन्हा वाचायची सवय त्या बाईनं लावली.

कॅलेंडरचं पानही मी आता वेळेवर उलटतो.