आत्याचं दूध का फाटतं

सकाळी सहाच्या ठोक्याला पिपेट दूधकेंद्राच्या खिडकीत उभी राहायची आणि पुढचा दीड तास भल्याभल्यांच्या माना तिच्यापुढे खाली असायच्या. हे नाव तिला दूध घालायला येणाऱ्यांच्या रांगेनेच पाडलेलं. अकरावीतली पोरगी, पण गणवेशावर पांढरा कोट चढवला की साक्षात न्यायाधीश! काचेच्या नळीत थोडं दूध, तेवढंच स्पिरिट, नळी आडवी. दूध गुळगुळीत राहिलं तर पास. काचेला दाणे चिकटले तर नासकं. नासक्या दुधात सगळ्यांदेखत कपड्यांची नीळ पडायची, म्हणजे ते बाहेर कुठे खपवायचीही सोय नाही. आणि तीनदा नीळ पडली की सभासदत्व रद्द.

नियम कडक होते, कारण दिवसच तसे होते. कारखाना बंद पडल्यापासून अर्धी वस्ती या केंद्रावर जगत होती. डेअरीकडून एक टँकर नासका म्हणून परत आला असता तरी केंद्राला टाळं लागलं असतं. म्हणून तर केंद्र पदरमोड करून दर सभासदाला महिन्याला मक्याच्या भरड्याचं एक पोतं देत होतं. गाईसाठी. फक्त गाईसाठी. त्यात लबाडी करणाऱ्याला तीन संधी वगैरे काही नाही, थेट बाहेर.

आत्याच्या दुधात आतापर्यंत दोनदा नीळ पडली होती. आत्या म्हणजे पिपेटची सख्खी आत्या, बाबांची धाकटी बहीण. घरात एक गाय आणि दुसरं कमावणारं कुणी नाही. पहिल्यांदा दाणे दिसले तेव्हा पिपेट म्हणाली होती, "आत्या, कॅन घासतेस की त्याला लांबूनच पाणी दाखवतेस?" रांग खो खो हसली. पिपेटलाही मजा आली, खोटं कशाला बोला. दुसऱ्यांदा ती काही बोलली नाही, पण आपण घरच्यांनाही सोडत नाही हे दाखवायला नीळ मात्र चमचाभर जास्तच टाकली.

आणि काल टँकरबरोबर आलेल्या केमिस्टबाई सहज म्हणाल्या, "स्पिरिटमध्ये फाटलं म्हणजे नासलंच असं नाही गं. गाईला पोटभर मिळत नसलं तरी ताजं दूध फाटतं. उकळून बघायचं. टिकलं तर ताजं."

झालं! पिपेटचे पाय काही जमिनीवर राहिनात. आत्याला वाचवायचं, तेही सगळ्यांसमोर, तेही विज्ञानाने!

आज आत्याने कॅन पुढे केला. नळी आडवी झाली. दाणे.

"तिसरी!" मागून रिक्षावाले काका ओरडले. "टाक नीळ. आत्या-बित्या घरी!"

"एक मिनिट." पिपेटने स्पिरिटचा दिवा पेटवला आणि चिमट्यात नळी धरून नुसतं दूध तापवलं. काय चाललंय बघायला केंद्राचे अध्यक्ष आतून बाहेर आले. दूध उकळलं, वर आलं, खाली बसलं. एक दाणा नाही.

"बघा!" तिचा आवाज पार फाटकापर्यंत गेला. "दूध ताजं आहे! गाय उपाशी आहे, एवढंच!"

"गप गं बाळा," आत्या पुटपुटली.

पण पिपेट कुणाचं ऐकतेय! तिने पुन्हा नळी उंच धरली. "शंभर टक्के उपाशी!"

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "उपाशी कशी? पोतं तर दर महिन्याला नेता तुम्ही. विकलंत?"

"नाही हो. एक दाणा विकला नाही."

"मग गेलं कुठे?"

आत्या कॅनच्या झाकणाकडे बघत राहिली. "भरडाच तो. शिजवला की शिजतो."

काका म्हणाले, "अरे, मग गाईला कशाला, हिलाच दावणीला बांधा की!"

अख्खी रांग हसली. पोट धरधरून हसली.

अध्यक्ष हसले नाहीत. "नियम आहे, बाई. तुम्हाला सोडलं तर उद्या सगळी वस्ती त्या पोत्यावर जेवेल." त्यांनी यादीतल्या आत्याच्या नावावर रेघ मारली. मग पिपेटला म्हणाले, "दूध ताजं आहे ना? ओत टाकीत. वाया कशाला घालवायचं?"

पिपेटने ओतलं. एक थेंब सांडला नाही.

आत्याने रिकामा कॅन उचलला. "हुशार झालीस हं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"पुढचे," पिपेट म्हणाली. आवाज स्वतःचा वाटला नाही.

काका डोळे पुसत पुढे आले, हसू अजून ओसरलं नव्हतं. नळी आडवी झाली.

दाणे.

काकांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"उकळू का, काका?"

काकांनी मागे रांगेकडे पाहिलं. मग खिडकीत वाकून, फक्त तिला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"नको. नीळ टाक."