उघड्या खिडक्यांची गल्ली

कारखान्यातली टाकी फुटली तेव्हापासून ताईचा पाय एका जागी ठरत नव्हता. एक तर तिचं कामच तसलं. कुठे स्फोट झाला की आजूबाजूची घरंदारं पालथी घालायची, कुठली भिंत पडली, कुणाला किती लागलं ते बघायचं आणि त्यावरून दणका कुठवर किती पोचला ते ठरवायचं. त्यात तिचा धाकटा भाऊ बाळ्या त्याच कारखान्यात पाळीप्रमुख, आणि त्याचं घरही कारखान्याला खेटून असलेल्या गल्लीत. स्फोटात त्याचा हात भाजला, पण जीव वाचला. म्हणाला, "गॅस सुटला आणि लगेच भडका उडाला, ताई. काही करायला वेळच मिळाला नाही."

साहेबांना तिने सांगून पाहिलं होतं, की माझा भाऊ तिथे आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. साहेब म्हणाले, "दुसरा आणू कुठून? तुम्ही फक्त नुकसान बघा. का झालं ते शोधायला वेगळी माणसं आहेत." आता साहेबांपुढे कोण डोकं फोडणार! गेली बिचारी.

घोळ घातला तो बाळ्याच्या गल्लीने. या धंद्यात पहिली साक्ष काचेची. दणका आला की आधी काच जाते, मग दारं, मग भिंती. पलीकडच्या लांबच्या रस्त्यावर खिडक्यांचा चुरा झाला होता आणि ही गल्ली कारखान्याच्या उशाशी, तरी इथल्या काचा धडधाकट! ताईने आदल्या दिवशी लिहून टाकलं होतं: काचा शाबूत, दणका किरकोळ. तिच्या धंद्यातल्या कुणीही डोळे मिटून हेच लिहिलं असतं. पण दणका किरकोळ म्हटला, की गल्लीतल्या शिंपीकाकांच्या घराची भिंत पडली ती कच्ची होती म्हणून, असं आपोआप ठरणार. त्या भिंतीखाली काकांचे दोन्ही पाय चिरडले होते. मॅनेजर तर बोलूनही मोकळा झाला, "अहो, ती भिंत कुणी शिंकलं असतं तरी पडली असती."

हे शिंकणं ताईच्या डोक्यातून काही जाईना. सकाळी उठली आणि पुन्हा गल्लीत हजर.

शिंपीकाकांच्या बायकोने दार उघडलं. "परत मोजायला आलात? मोजा बाई, मोजा. ह्यांचे पाय तेवढे मोजू नका, ते गेले."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आत शिरली. न्हाणीघराच्या बंद झरोक्याच्या काचेचं पीठ झालं होतं. खोलीतल्या खिडकीची काच मात्र जशीच्या तशी. अगं बाई, एकाच घरात एक काच पीठ आणि दुसरी धड? तिने वाकून पाहिलं. खिडकीची आकडी बाहेरच्या बाजूला अडकवलेली, म्हणजे खिडकी सताड उघडी होती. दणका आरपार निघून गेला, म्हणून काच वाचली; दणका किरकोळ नव्हताच. ती बाहेर येऊन गल्ली बघत सुटली. घरोघरी तेच. सगळ्या खिडक्या आकडीवर.

"काकू, एवढ्या थंडीत भल्या सकाळी खिडक्या कशाला उघडल्या होत्या?"

"वास केवढा सुटला होता! तुमच्या भावजयीनेच तर ओरडून सगळ्यांना सांगितलं, खिडक्या उघडा म्हणून. गुणाची पोर हो. लेकीला कडेवर घेऊन माहेरी निघाली होती, तरी दारोदार सांगत गेली."

"स्फोटाच्या किती आधी?"

"बरंच आधी. त्यानंतर मी भांडी घासली, कपडे भिजवले, हे मशीनवर बसले, आणि मग..." काकूंनी पदर तोंडाला लावला.

भावजय बाहेरून आली तरी चपला दारात काढायच्या विसरणारी बाई. तिला गॅसचं एवढं कुठून कळणार? तिला कुणीतरी सांगितलं होतं. आणि सांगणारा एकच होता.

बाळ्या घरात पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. ताई बसलीसुद्धा नाही.

"तू बायकोला फोन केला होतास."

तो पट्टीचं टोक आवळायला लागला.

"खिडक्या उघड म्हणालास, लेकीला घेऊन नीघ म्हणालास. आणि भोंगा? धोक्याचा भोंगा का नाही दिलास, मेल्या?"

"मागच्या वेळी दिला होता, काहीच निघालं नाही. मॅनेजरने सगळ्यांदेखत माझी अब्रू काढली. वाटलं, टाकीची झडप आवळली की भागेल. आवळतच होतो, ताई! हात काय उगाच भाजला?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू काचा शाबूत एवढंच लिही ना. खोटं आहे का ते?"

खोटं नव्हतं, तेच तर दुखणं होतं. खिडक्या उघड्या होत्या असं लिहिलं, की का उघड्या होत्या हा प्रश्न येणार आणि बाळ्या तुरुंगात जाणार. नाही लिहिलं, तर शिंपीकाकांचे पाय त्यांच्याच भिंतीच्या माथी. लहानपणी याचं नाक पुसलं होतं तिने, शाळेत याच्या वाटचे रट्टे खाल्ले होते. तिला त्याचा संताप आला आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं, दोन्ही एकदमच.

"तू असतीस तर? आधी आपल्या माणसांना नसतं सांगितलं?" बाळ्या म्हणाला.

"सांगितलं असतं. आधी त्यांनाच सांगितलं असतं. आणि फोन ठेवल्या ठेवल्या भोंगा दिला असता."



तेवढ्यात दारात काकू. हातात झाकलेली ताटली. "बाळ्या, बायको नाही, खाल्लंस का काही? दवाखान्यात जाता जाता म्हटलं देऊन जावं. तुम्हा नवराबायकोचे उपकार आहेत रे आमच्यावर. तिने खिडक्या उघडायला लावल्या नसत्या, तर काचांनी माझे डोळेही गेले असते."

बाळ्याने ताटली घेतली नाही. तो ताईकडे बघत राहिला. ताईने मान हलवली नाही, नजरही काढली नाही. तिच्या डोळ्यांना मात्र धार लागली होती.

"काकू, आत या. बसा जरा," तो म्हणाला. "वास मला तुमच्या आधी आला होता."