फुटलेला दिवा, धड दिवा, फुटलेला दिवा

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला तक्रार करायची आहे.

कारखान्यातून निघाले ती थेट सरकारी खात्यात रुजू झाले. जयपूरभोवतीच्या शेतांतून बियाण्यांची पोती आणि शास्त्रज्ञ वाहिले. खडखड वाढली तेव्हा लिलावात उभी राहिले. तिथून नंदकिशोर सबनीसांनी मला जयपुरातल्या दुर्गापुऱ्याला घरी आणले. ते विमा कंपनीतले अधिकारी, साताऱ्याहून बदलून आलेले. दिवसभर अपघातातल्या गाड्या पाहायच्या, त्यामुळे स्वतःच्या गाडीवर ओरखडाही त्यांना खपत नसे. शेजारी विचारत, "सबनीसजी, नई ली क्या?" मी सुखात होते.

२००४ च्या हिवाळ्यात आमेरला एका चित्रपटाचे चित्रीकरण आले. त्यात प्रेम होते, मारामारी होती आणि एक जुनी जीप हवी होती. मी गेले. सबनीसांची मुलगी प्रणिता हिलाही तिथे काम मिळाले.

तिचे काम समजून घ्या. चित्रपट सलग चित्रित होत नाही. पाठलागाचा अर्धा भाग आज, उरलेला आठवड्याने. तेव्हा कोणती वस्तू कशी होती, जखम कोणत्या गालावर होती, हे जुळते ठेवणारे माणूस लागते. या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. दिग्दर्शक भगवानजींनी प्रणिताला शब्द दिला होता, काम चोख झाले तर पुढच्या चित्रपटासाठी मुंबईला नेईन. घरी बँकेच्या परीक्षेचा आग्रह होता. शेवटी नंदकिशोर म्हणाले, "हा सिनेमा नीट होऊ दे, मग जा."

आमेरला नायकाने मला भिंतीवर घातले. माझा उजवा दिवा फुटला. पटकथेत तसेच होते. संध्याकाळी मी घरी आले आणि नंदकिशोरांनी मला पाहिले.

सकाळी प्रणिता उठायच्या आत ते मला देवराम मिस्त्रीकडे घेऊन गेले. नवा दिवा बसवला, वर धुऊनही घेतले.

"बाबा, दिवा!" प्रणिता फाटकातच थांबली.

"बसवला की! तुझ्या सिनेमात काय भंगार दाखवायचं?"

"फुटलेलाच हवा होता! मतलब, गोष्टीत तो फुटलेला आहे!"

"मग आधी सांगायचंस."

"गाडी फुटली तर फुटलेलीच ठेवा, हे तुम्हाला सांगायचं मला सुचेल तरी का?"

तिने चूक दडपली नाही. आमेरला पोचताच भगवानजींना सगळे सांगितले. "सर, ही नवी काच फोडून घेऊ. लगेच होईल."

समोर रोमँटिक दृश्य होते. नायिका माझ्या बॉनेटवर बसणार होती.

"रोमँस में फूटी गाड़ी? अरे मॅडम, पब्लिक हीरोइन को देखेगी या हेडलाइट को?"

"पण सर, याच्या आधीच्या दृश्यात दिवा फुटला आहे आणि नंतरच्यातही फुटलेलाच आहे."

"तो बीच में ठीक हो गया!"

सगळे हसले. प्रणिता हसली नाही. तिने दुसरा प्रश्न काढला. "खलनायक टाकीला गोळी मारतो. सगळं इंधन सांडतं. मग पुढच्याच दृश्यात जीप इतक्या लांब चाकसूला कशी पोचते?"

"प्यार में बहुत ताकत होती है, मॅडम."

मित्रांनो, मी डिझेलवर चालते. प्रेमावर मी कधी हातभरही पुढे गेलेली नाही. पण मला विचारतो कोण? आणि जिने विचारले, तिला खुर्ची मागे घ्यायला सांगितले.

चित्रपट लागला. पहिल्या खेळाला भगवानजी स्वतः जयपूरला आले. मी बाहेर वाहनतळावर उभी होते. लोक हसत बाहेर पडत होते. एक जण मित्राला म्हणत होता, "जीप नहीं, जादूगर है! टंकी फूटी फिर भी भागी!" त्याला मारामारी आठवत नव्हती, प्रेमही नाही.

प्रणिता आणि नंदकिशोर माझ्यापाशी आले. पलीकडेच भगवानजींना एका वार्ताहराने गाठले होते. त्याने दिव्याचे विचारले. भगवानजी म्हणाले, "क्या करें, कंटिन्युइटी वाली लड़की नई थी."

नंदकिशोर पुढे झाले. "भगवानजी, दिवा मैंने लगवाया था. इसने तो आपको उसी सुबह बताया था."

"अच्छा? याद नहीं," भगवानजी हसले आणि गाडीत बसून निघून गेले. मुंबईचा शब्द त्यांनी काढलाच नाही.

"बेटा, मी उद्या फोन करून…"

"नको, बाबा. त्यांना आठवत नाही असं नाही."

ती माझ्यात बसली आणि तिने दार लावून घेतले. सोमवारी तिने बँकेच्या परीक्षेच्या क्लासला नाव घातले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूने शेवटी सांगायचे असते की आमची निगा राखा. माझी निगा उत्तम राखली गेली, कुणी काळजी करू नये. निगा राखायची ती वेगळ्याच गोष्टीची. कामावर तुमच्याशेजारी कुणी उभे राहून म्हणेल, "थांबा, हे जुळत नाही." त्याचा आवाज बहुधा लहान असेल आणि तुम्हाला घाई असेल. तरीही थांबा. त्या सकाळी एक दगड आणि एक क्षण पुरला असता. काच माझी होती आणि मी हूं की चूं केले नसते.