आधी तिकीट, मग पाणी

उस्तादच्या घरात सोफा नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याला याचं हसू यायचं, कारण या माणसानं उभं आयुष्य कारखान्यात सोफे भरण्यात घालवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घरात एक लांब लाकडी बाक, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि चौथं माणूस आलं की पोरीनं पलंगावर सरकायचं. बरं, सोफा असता तरी उस्ताद त्यावर बसला नसता. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी तो सोफा सोडून स्टुलावर टेकायचा. कारखान्याचा नियमच तसा होता, भरलेल्या मालावर भरणाऱ्यानं बसायचं नाही, डाग पडतो. हा नियम त्याच्या अंगात असा मुरला होता की कारखान्यानं त्याला काढलं, तरी नियम काही त्याच्यातून निघाला नाही.

काढलं म्हणजे काय, तर मालकांनी तयार सोफे बाहेरून मागवायला सुरुवात केली आणि भरणाऱ्यांचा अख्खा विभाग एका सकाळी घरी पाठवला. गरज सरो, वैद्य मरो.

त्याची बायको पोहण्याच्या तलावावर तिकिटं द्यायची. सगळे तिला तिकीटबाई म्हणत. सासूबाईसुद्धा म्हणत, पण त्या रागात असल्या तरच. दिवसभर खिडकीआड बसून लोकांशी हुज्जत घालायची हे तिचं काम, आणि ते तिला झकास जमायचं. "बाई, नुसते पाय बुडवून बघतो, पाणी आवडलं तर तिकीट काढतो," असं म्हणणारा एखादा शहाणा रोज भेटायचाच. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "आधी तिकीट, मग पाणी." मग तो कुणा मंत्र्याचा मेहुणा का असेना, बाई जागची हलायची नाही.

उस्तादला मात्र नोकरी शोधताना सगळीकडे पाय बुडवून बघणारेच भेटले. पहिला दुकानदार म्हणाला, "दोन-चार दिवस काम दाखवा, मग बघू." उस्तादनं त्याच्या साऱ्या मोडक्या खुर्च्या नव्या करून दिल्या. "कळवतो," तो म्हणाला, आणि कसलं कळवतोय! दुसऱ्याकडे गाड्यांच्या सीटा भरून झाल्या. त्यानंही तोंडाला पानंच पुसली. तिकीटबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"अहो, निदान केलेल्या कामाची मजुरी तरी मागा!"

"मागितली की म्हणतील, हा आत्ताच कटकट करतो, पुढे काय करील. जाऊ दे."

"जाऊ दे, जाऊ दे म्हणत एक दिवस आपणच जाऊ!"

"पुरे गं तिकीटबाई," सासूबाई बाकावरून म्हणायच्या. "आधीच माझा पोरगा अर्धा झालाय."

ते खरं होतं. तो हल्ली स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा बसायचा. बाकाच्या अगदी टोकाला, कुणी ऊठ म्हणायच्या आत उठता यावं अशा बेतानं. ते बघून तिला रडू यायचं, आणि रडू आलं की ती भांडी आपटायची.

मग तिसरी जागा आली. मोठं शोरूम, काचेचं दार, मागच्या बाजूला कामाची खोली. तिथंही आधी काम दाखवायचंच होतं. निघताना उस्ताद चपला घालता घालता म्हणाला, "इथं नाही झालं तर हत्यारं विकून टाकतो. कुठंतरी वॉचमन म्हणून उभा राहतो."

वॉचमन होण्यात कमीपणा नव्हता, तिचा भाऊच वॉचमन होता. पण ती हत्यारांची पिशवी! ती हातोडी, त्या वाकड्या सुया, धार लावून लावून निम्मी झालेली ती कात्री. त्या कात्रीनं तो पोरीला साधा कागद कापू द्यायचा नाही. हा माणूस रागावला की आवाज चढवायचा नाही, पण बोलला की करायचा. पिशवी गेली तर घरात जो माणूस उरेल त्याच्याशी आपण काय बोलायचं, याची तिला खरोखर भीती वाटली.

आठवडा सरला. त्या दिवशी तलावाचं पाणी बदलायचं म्हणून तिला सुट्टी होती. उस्ताद चष्मा घरीच विसरला होता, तो द्यायला ती शोरूमवर गेली.

काचेच्या दाराशीच एक तीन माणसांचा हिरवा सोफा मांडला होता. हा कुणी भरला, हे तिला सांगावं लागलं नाही. कोपऱ्यावर कापडाची अशी नेटकी घडी घरच्या पलंगावर एकच माणूस घालायचा. सोफ्याच्या पाठीला पाटी लावली होती, 'विकला गेला'. दोन हमाल दोर सोडवत उभे होते आणि ज्या आजींनी सोफा घेतला होता त्या शेजारीच पर्स धरून घाई करत होत्या. चला, विकला गेला, म्हणजे काम पसंत पडलं, म्हणजे नोकरी! तिला इतका आनंद झाला की ती तशीच मागच्या खोलीकडे निघाली.

खोलीच्या दाराशी मालकाचा आवाज कानावर आला. "उस्ताद, काम बरं आहे तुमचं. उद्यापासून येऊ नका, आम्ही कळवतो." आणि लगेच दुसऱ्या कुणाला तरी, "हां मिशीवाले, तुम्ही त्या खुर्च्या घ्या. दोन-चार दिवस काम दाखवा, मग बघू."

तिनं डोकावलं. पलीकडच्या टेबलाशी पांढऱ्या मिशांचा एक माणूस आपली हत्यारं मांडत होता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं! आणि आपला नवरा? तो मान खाली घालून सुया एकेक पुसत पिशवीत भरत होता, विकायच्या वस्तू पुसाव्यात तशा.

तिकीटबाई आल्या पावली मागे फिरली, हिरव्या सोफ्याच्या बरोबर मध्ये बसली आणि ठाण मांडलं.

"बाई, उठा, न्यायचाय," हमाल म्हणाला.

"न्या की. मी कुठं धरून ठेवलाय?"

मालक धावत आला. "अहो बाई, हा विकला गेलाय!"

"असेल. ज्यानं भरला त्याची मजुरी दिलीत का?"

"ती ट्रायल होती."

"मग माझीही ट्रायल. दोन-चार दिवस बसून बघते, मग कळवते."

हमाल फिदीफिदी हसले. मालकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो पोलिसांचं नाव काढू लागला. "बोलवा ना," ती म्हणाली. "दिवसभर बसायचाच पगार घेते मी. माझ्याशी बसण्यात कुणी जिंकलेलं नाही." 

गलका ऐकून उस्ताद बाहेर आला. मागोमाग मिशीवाले आले. बायकोला सोफ्यावर बघून उस्तादचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, ऊठ! मालावर बसतात का? डाग पडेल!"

"पडू दे. या तुम्ही, बसा."

"उस्ताद," मालकानं आवाज एकदम मऊ केला, "समजवा यांना. आत्ता उठवलंत तर नोकरी पक्की. उद्यापासून या. गिऱ्हाईक खोळंबलंय हो माझं!"

तिकीटबाईचा सगळा तोरा उतरला. नोकरी! जिच्यासाठी सगळा जीव टांगणीला लागला होता ती समोर ठेवलेली, आणि मध्ये आडवी बसलेली कोण, तर आपणच. त्यानं नुसतं 'ऊठ' म्हटलं असतं तर ती उठली असती. शपथेवर उठली असती.

उस्तादनं मिशीवाल्यांकडे बघितलं. "आणि यांचं काय?"

"यांचं बघू नंतर. जागा एकच आहे."

"आणि माझ्या आठवड्याचं?"

"ती ट्रायल हो! पगार उद्यापासून."

उस्तादनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. पँटला चिकटलेले धागे झटकले, पुढून, मग मागूनही, नीट झटकले. मग तो आला आणि बायकोच्या शेजारी बसला. आधी टोकाला. मग मागे सरकला. मग पाठ टेकली.

"चांगला भरलाय," तो म्हणाला. "बसा हो मिशीवाले, तिघांचा आहे."

मिशीवाले बसले.

मालक लालबुंद झाला, ओरडला, फोन हातात घेऊन येरझाऱ्या घालू लागला. तिघांपैकी कुणी बूड हलवलं नाही. शेवटी आजीच कडाडल्या, "अहो, देऊन टाका ना त्यांची मजुरी! का फुकटात भरून घेतलेला सोफा माझ्या गळ्यात मारताय? मग माझे पैसे परत करा!" तेव्हा कुठं गल्ला उघडला. उस्तादला आठवड्याची मजुरी मिळाली, मिशीवाल्यांना फुकट गेलेल्या सकाळची. नोकरी दोघांनाही नाही.

उठल्यावर उस्तादनं तिघांच्या बसण्याच्या खुणा तळव्यानं सारख्या केल्या आणि आजींना म्हणाला, "डाग नाही पडला बघा."

घरी सासूबाईंनी विचारलं, "मिळाली का रे नोकरी?"

"घालवली, आई."

"मग दात काय काढताय दोघं? वेड लागलं काय?"

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, तो तलावाच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. सकाळी नवीन दुकानात गेला होता. तिकीटबाईनं आधी खांद्याकडे बघितलं. पिशवी होती.

"काय म्हणाले?"

"तेच. दोन-चार दिवस काम दाखवा."

"मग तुम्ही?"

"मी त्यांच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलो, चांगली पाठ टेकून. म्हटलं, आधी तिकीट, मग पाणी. त्याला काय कळलं देव जाणे. मग सरळ सांगितलं, पहिल्या दिवसापासून रोजची मजुरी ठरवा, तरच हातोडी बाहेर काढतो."

"मग?"

"नाही म्हणाला."

रांगेतला एकजण ओरडला, बाई, गप्पा घरी मारा. तिनं त्याला हातानंच थांब म्हणून सांगितलं. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

"मग आता?"

"आता काय," उस्ताद म्हणाला आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "उद्या दुसऱ्याकडे जाऊन बसतो."