अडकलेलं बूच
बाबा गेल्यापासून सहा वर्षं जपून न उघडलेल्या त्यांच्या अत्तराच्या कुपीचं काचेचं बूच घट्ट अडकलं होतं. शेवटी आई कुपी पदरात धरून लेकीच्या प्रयोगशाळेत आली. "फुटली तर बघ हं!"

लेक हसली. असली हट्टी बुचं तिच्या रोजच्या कामातली. गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने तिने कुपीची मान हळूहळू शेकली.

"आधी मान तापते, किंचित फुगते. बूच अजून थंडच असतं, म्हणून ते सैल होतं. घाई केली तर काच तडकते."

लाकडी पट्टीने हलकेच ठोकल्यावर बूच सुटलं. आईने वास घेतला आणि डोळे मिटले.

"आता सैलच ठेव."

"आई, अत्तर उडून जाईल."

"जाऊ दे गं. जपून जपून सहा वर्षं वासच घेतला नाही."