कानाच्या पाळीवरचा ठिपका

लिहिणारच नव्हतो हे… एका काळ्या ठिपक्यावर काय लिहायचं? पण ठिपका जयंतच्या कानाच्या पाळीवर होता, रविवारच्या कलपाचा, आणि नोएडातल्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये, आरशात, तो त्याला आत्ता दिसत होता — म्हणजे सकाळपासून सगळ्यांनाच दिसला असणार. थुंकी लावून घासलं तर कान लाल झाला, ठिपका तसाच.

आणि लिफ्ट निघाली खाली, मुलाखतीला आलेल्या अविनाशला आणायला.

मघाशी अहिल्यानं — ही त्याची मॅनेजर, निम्म्या वयाची, दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात वाढलेली, मराठीही हिंदीच्या चालीवर बोलणारी — लॅपटॉप त्याच्याकडे वळवून विचारलं होतं, "जयंतजी, हे अविनाश तुमच्याच कॉलेजचे ना? ओळखता?"

"हो, हो. सीनियर होता माझा."

सीनियर! कॉलेजात दोघांत मिळून एकच कॉम्प्युटर, अविनाश कीबोर्ड बडवायचा आणि हा चुका काढायचा, आणि काला अंब, ते मराठ्यांच्या लढाईचं स्मारक, बघायला पानिपतला निघाले तेव्हा सोनीपतच्या अलीकडे स्कूटर बंद पडली ती दोघांनी ढकलली, आळीपाळीनं एकमेकांना शिव्या घालत… तो सीनियर? केस बघून टीमनं याला चव्वेचाळीसचा धरला होता, यानं कधी 'नाही' म्हटलं नव्हतं, एवढंच. खोटं असं मी — हो, मीच तो जयंत — कधी बोललो नाही. आज बोललो.

"काम मस्त आहे यार त्यांचं," अहिल्या म्हणाली होती, "पण चोपन्न! या वयात नवीन काही शिकायला कंटाळतात लोक. बोलावलंय तर भेटून घेते… तुमच्यासारखे असते तर बिल्कुल घेतलं असतं."

आणि तो हसला होता. तिच्याबरोबर, चक्क हसला होता — ज्या नव्या टूलवर त्याची टीममध्ये वाहवा होते ते अविनाशनंच फोनवर, चार शिव्यांसकट, शिकवलेलं असताना!

खाली सोफ्यावर अविनाश बसला होता, डोकं कापसाच्या बोंडासारखं पांढरंशुभ्र, गार्डशी हिंदीत गप्पा रंगलेल्या. जयंतला बघताच ओरडला, "अरे, केस रंगवतात! कान कशाला रंगवलास?"

जयंतनं सगळं सांगून टाकलं. सीनियरसकट.

अविनाश असा खदाखदा हसला की मराठीचा गंध नसलेला गार्डही हसायला लागला. "मग पाया पड की लेका! आजपासून अविनाशदादा म्हणायचं." चष्मा पुसता पुसता त्याचा आवाज खाली आला. "पण हवीये रे मला ही नोकरी. घरी बसून बसून खरंच म्हातारा होईन मी."

जयंतला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही… उलट हलकं वाटलं, त्या दिवशी सोनीपतजवळ स्कूटर अचानक सुरू झाली आणि पळत जाऊन मागच्या सीटवर उडी टाकली, तसं. अहिल्या काय म्हणेल, आपल्याकडेही मग तिरकं बघेल का, कुणास ठाऊक. तिचा चेहरा मात्र बघण्यासारखा होईल!

"चल," लिफ्टचं बटण दाबत तो म्हणाला, "तू तोंड उघडायच्या आत मी सांगतो तिला — एका बाकावरचे आपण, मीही चोपन्नचा. शब्द देतो, अव्या."