वस्तऱ्याआधीची गोळी

कंगवा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. अंगाने काटकुळा आणि खिशात कायम कंगवा, म्हणून दुकानातल्यांनी ठेवलेलं. केस कापण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की डोकं बघूनच तो सांगायचा, मागच्या वेळी दुसऱ्या कुणी कशी वाट लावली ते.

असा हा बहाद्दर एका गोळीपुढे हात टेकून बसला होता. रोज घेतली तर एचआयव्हीची लागण टळते, अशी ती गोळी. त्याचं एका मित्रावर प्रेम होतं, आधीही एकदोघे होऊन गेले होते. गोळी हवी हे त्याला पटलं होतं. पण डबी उघडली की वाटायचं, आपल्या हातून काहीतरी वाईट घडतंय. मग ‘उद्या बघू’ म्हणायचं आणि झाकण लावून टाकायचं.

दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी भाषण झोडलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “डोक्याला न विचारता तुझा हात रोज काय करतो?”

“दुकान उघडलं की केस कापायच्या मशीनला तेल घालतो.”

“मग डबी तेलाच्या बाटलीशेजारी ठेव. तेल घातलं की गोळी. मनाला काय वाटायचं ते वाटू दे, हात आपलं काम करेल.”

आणि हात करायला लागला की! पुढेपुढे तर मनानेही कुरकुर सोडली. कंगवा छाती फुगवून ताईंना तसं सांगूनही आला.

मग मालकाच्या डोक्यात खूळ शिरलं आणि त्याने दुकान रंगवायला काढलं. खुर्च्या झाकल्या, दाराला कुलूप. कंगवा सुट्टीवर खूश. तेल नाही, म्हणून गोळीही नाही, आणि गड्याला त्याचा पत्तासुद्धा नाही. आठवलं ते थेट मित्राच्या घरून परतताना. पायाखालची जमीनच सरकली. डबी मशीनच्या खणात होती आणि खण कुलपाच्या आत.

त्याने दवाखाना गाठून रक्त तपासायला दिलं, पण निकाल येईपर्यंत त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. निकाल चांगला आला.

“काही आठवड्यांनी पुन्हा तपासू,” ताई म्हणाल्या. “आणि मान खाली घालू नकोस. चूक माझीही आहे. सवय आपण दुकानाला लावली, तुला लावलीच नाही. घरी हात रोज काय करतो?”

“काही नाही,” कंगवा म्हणाला, पण कान लाल झाले.

“बाबांची दाढी करतो,” शेवटी तो म्हणाला. “त्यांचे हात थरथरतात.”

“हे आधी का नाही बोललास?”

“तुम्ही डबी तिथे ठेवायला सांगितली असती.”

ताई हसल्या. “सक्ती नाही रे. दात घासायच्या ब्रशपाशी ठेव.”

“दात मी कधी घासतो, कधी नाही. बाबांची दाढी चुकत नाही.”

म्हणजे उत्तर त्यानेच दिलं होतं. भीती एकच होती. बाबा म्हणतील, उद्यापासून माझ्या गालाला हात लावू नकोस. त्या रोजच्या दाढीवर कंगव्याचा फार जीव होता.

नवी डबी घेऊन तो घरी आला. सकाळी बाबांच्या गालाला फेस लावला, वस्तरा बाजूला ठेवला आणि त्यांच्यादेखत गोळी घेतली.

“कसली रे?”

“एचआयव्ही होऊ नये म्हणून.”

बाबा आरशातून बघत राहिले. “तुला कशाला होईल?”

कंगव्याने सांगितलं. मुलींबद्दल काही वाटत नाही ते, आणि मित्राबद्दल, सगळं आडपडदा न ठेवता. आवाज कापला नाही याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

बाबांनी गालाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, “फेस वाळला. पुन्हा लाव.”

त्यानंतर दिवसभर ते त्याच्याशी बोलले नाहीत. तरी कंगव्याला सांगितल्याचा पश्चात्ताप काही होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तर बाबा गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसलेले. त्याने मुकाट्याने फेस केला, गालांना लावला आणि वस्तरा उचलला. तोच बाबांनी आपला थरथरता हात हनुवटीपुढे आडवा धरला.

“आधी गोळी,” ते म्हणाले.